अपूर्णांक असलेली समीकरणं: आधी छेद घालवायचे की आधी पक्षांतर?

अंशछेद (धागाकर्ता)

२क्ष + ३ = ११ हे समीकरण आठवीतलं बहुतेक मूल सोडवतं. त्याच मुलाला क्ष/३ + ५ = क्ष/२ दिलं की पेन्सिल थांबते. लसावि (लघुतम साधारण विभाज्य) काढता येतो, अपूर्णांकांची बेरीज येते, पक्षांतरही (पद दुसऱ्या बाजूला नेणं) येतं. पण तिन्ही एका ओळीत समोर आली की सुरुवात कुठून करायची, तिथेच घोडं अडतं.

बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात ‘एका चलातील समीकरणे’ हे प्रकरण आहे. पुण्यात घरी किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत हे प्रकरण शिकवणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा. माझं मत असं की पहिली पायरी कायम एकच ठेवावी: सगळ्या छेदांचा लसावि काढायचा आणि दोन्ही बाजूंना त्याने गुणायचं. वरच्या समीकरणात लसावि ६. गुणलं की २क्ष + ३० = ३क्ष, म्हणजे क्ष = ३०. दोन ओळींत अपूर्णांक गेले, पुढचं मुलाला येतंच.

तुम्ही कुठल्या क्रमाने शिकवता? आणि मुलं नेमकी कुठल्या ओळीवर चुकतात?

(टंकायला सोपं म्हणून क्ष वापरतोय, पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं. तिरकी रेघ म्हणजे भागाकाराची आडवी रेघ समजावी.)

कर्वेरस्ता

क्रमाबद्दल सहमत. चूक कुठे होते ते तुमच्याच उदाहरणात दिसतं. मुलं लिहितात: २क्ष + ५ = ३क्ष, म्हणून क्ष = ५. पाचाला सहाने गुणायचं राहून जातं.

ही विसरण्याची चूक नाही, समजुतीची आहे. मुलाच्या डोक्यात ‘लसावि छेद घालवण्यासाठी असतो’ एवढंच बसलेलं असतं. पाचाला छेदच नाही, मग त्याच्याकडे जायचं कशाला? उपाय सोपा आहे. गुणण्याआधी ५ ला ५/१ असं लिहायला लावायचं. छेद दिसला की हात आपोआप तिकडे जातो. आठ-दहा उदाहरणांनंतर ती सवय सोडली तरी चालते.

दुसरी युक्ती पंगतीची. लसावि वाढायला निघाला की पंगतीत बसलेल्या प्रत्येक पदाला वाढायचं, डावीकडच्याही आणि उजवीकडच्याही. कोणालाही वगळून पुढे जायचं नाही. मुलांना हे पटकन पटतं, आणि पुढे नुसतं ‘पंगत’ म्हटलं तरी चूक त्यांची त्यांना सापडते.

त्रैराशिक

थोडा असहमत. ‘कायम’ हा शब्द नको. हे पाहा:

क्ष/३ + ५/७ = २क्ष/३ − २/७

लसावि २१. गुणलं तर ७क्ष + १५ = १४क्ष − ६, मग ७क्ष = २१, क्ष = ३. उत्तर बरोबरच आहे. पण सात छेद असलेली पदं एका बाजूला आणि तीन छेद असलेली दुसऱ्या बाजूला घेतली तर ५/७ + २/७ = १, आणि २क्ष/३ − क्ष/३ = क्ष/३. म्हणजे १ = क्ष/३, क्ष = ३. एकवीसचं तोंडही पाहावं लागलं नाही.

मी पहिली पायरी ‘छेद वाचा’ अशी सांगतो. सारखे छेद असतील तर त्यांची आधी गाठ घालून द्या. सगळे वेगळे असतील तर लसावि.

अंशछेद

उदाहरण सुंदर आहे, वहीत उतरवून घेतलं. पण नवशिक्या मुलाला पहिल्याच दिवशी दोन वाटा दाखवल्या तर ते चौकात उभं राहतं. आधी एक वाट पायाखालची होऊ दे, मग दुसरी दाखवावी असं वाटतं.

शून्यप्रहर

सगळ्यात जास्त गुण जातात ते एका जागी: अपूर्णांकाच्या आधी उणे चिन्ह आणि अंशात दोन पदं.

(३क्ष + १)/४ − (क्ष − २)/३ = ३

लसावि १२. चारने १२ ला भागून ३, तीनने भागून ४. बहुतेक वह्यांत पुढची ओळ अशी सापडते:

९क्ष + ३ − ४क्ष − ८ = ३६

इथे शेवटचं − ८ चुकलं. − ४(क्ष − २) म्हणजे − ४क्ष + ८. चुकीच्या ओळीवरून ५क्ष = ४१ आणि क्ष = ४१/५ येतं. बरोबर ओळीवरून ५क्ष + ११ = ३६, ५क्ष = २५, क्ष = ५. मूळ समीकरणात घातलं तर १६/४ − ३/३ = ४ − १ = ३. जमलं.

असं का होतं? भागाकाराची आडवी रेघ ही स्वतःच एक कंस आहे, हे मुलांना कोणी स्पष्ट सांगितलेलं नसतं. रेघेवर क्ष − २ लिहिलं की ते दोन्ही मिळून एक वस्तू असते. छेद गेला की रेघ जाते, आणि रेघ गेली की तिच्यात लपलेला कंस उघड लिहावा लागतो. मुलं रेघ पुसतात आणि कंस लिहीत नाहीत, म्हणून उणे चिन्ह फक्त क्ष ला लागतं, २ तसाच राहतो.

म्हणून मी एक ओळ सक्तीची ठेवतो. छेद घालवल्यावर लगेच कंस सोडवायचे नाहीत. आधी ३(३क्ष + १) − ४(क्ष − २) = ३६ ही ओळ पूर्ण लिहायची. तिच्याकडे एकदा नीट बघायचं. मगच कंस सोडवायचे. ही ओळ तोंडी करणारं मूल हुशार असलं तरी चुकतं.

याच रेघेमुळे होणारी दुसरी चूक: (क्ष + ६)/३ मध्ये ६ आणि ३ ची काटाकाट करून क्ष + २ लिहिणं. तीनने दोघांनाही भागायचं असतं. क्ष/३ + २ हे बरोबर. क्ष च्या जागी ३ घालून दाखवा: ९/३ = ३, पण ३ + २ = ५. एका मिनिटात पटतं.

हडपसरी

उणे चिन्ह दारात उभं राहून एकालाच भेटून परत जात नाही, घरातल्या सगळ्यांना भेटूनच निघतं. पुण्याबाहेरचा पाहुणा म्हणा!

कर्वेरस्ता

@हडपसरी, हे उद्याच वापरतो. :)

चौकटीची_वही

शून्यप्रहर म्हणतात ती सक्तीची ओळ टिकायला वहीची मांडणीही हवी. आप्पा बळवंत चौकात मिळते ती मोठ्या चौकटींची वही घ्या, पानाच्या मधोमध एक उभी फिकट रेघ ओढा. बरोबरचं चिन्ह दर ओळीत त्या रेघेवरच आलं पाहिजे. एका ओळीत दोन बरोबर चिन्हं चालणार नाहीत. अपूर्णांकासाठी दोन चौकटींची उंची सोडायची: अंश एका चौकटीत, छेद खालच्या. छेद आणि शेजारचा पूर्णांक एकाच पातळीवर आले की कितीतरी मुलं क्ष/२ ३ हे क्ष/२३ वाचतात.

उजव्या समासात त्या ओळीवर काय केलं ते दोन शब्दांत: ‘× १२’, ‘− ११’, ‘÷ ५’. चूक शोधताना समास वरून खाली वाचला तरी पुरतं.

ताळेबंद

ताळा कुठे करायचा यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. ताळा मूळ समीकरणातच करायचा. मुलं छेद गेल्यानंतरच्या ओळीत करतात, कारण तिथे आकडे सोपे असतात. पण चूक छेद घालवतानाच झाली असेल तर ती त्या ओळीत सापडणारच नाही.

वरचंच उदाहरण घ्या. २क्ष + ५ = ३क्ष यात क्ष = ५ घातलं तर १५ = १५, सगळं छान. मूळ क्ष/३ + ५ = क्ष/२ यात घातलं तर डावीकडे २०/३, उजवीकडे ५/२. तिथेच चोर सापडतो.

उत्तर अपूर्णांकात आलं की मुलं ताळा सोडून देतात आणि उत्तरच चुकलंय असं धरून बसतात. (३क्ष − १)/४ = (क्ष + २)/३ घ्या. ९क्ष − ३ = ४क्ष + ८, ५क्ष = ११, क्ष = ११/५. ताळा: ३ × ११/५ − १ = २८/५, त्याला ४ ने भागलं की ७/५. उजवीकडे ११/५ + २ = २१/५, त्याला ३ ने भागलं की ७/५. अपूर्णांकी उत्तर आलं म्हणून काही बिघडलेलं नसतं, हे असं एकदा पूर्ण करून दाखवावं लागतं.

मुळामुठा

तिरकस गुणाकारावर वेगळं लिहायलाच हवं, कारण ते औषध सगळ्या रोगांवर वापरलं जातं.

ते चालतं एकाच ठिकाणी: डावीकडे फक्त एक अपूर्णांक, उजवीकडे फक्त एक अपूर्णांक, मध्ये बरोबर. (२क्ष − १)/५ = (क्ष + ४)/४ इथे ४(२क्ष − १) = ५(क्ष + ४), ८क्ष − ४ = ५क्ष + २०, क्ष = ८. ताळा १५/५ = १२/४ = ३. हे झकास.

पण क्ष/२ + १/३ = ५/६ इथे मुलं बरोबरच्या चिन्हालगतचे दोन अपूर्णांक पकडतात, १/३ आणि ५/६ यांचा तिरका गुणाकार करतात आणि क्ष/२ बाजूला लटकत ठेवतात. किंवा त्याहून वाईट, अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंनीच तिरकं गुणतात. तिरकस गुणाकार ही वेगळी क्रिया नाही, दोन्ही छेदांनी दोन्ही बाजूंना गुणण्याचंच ते थोडक्यातलं रूप आहे. हे आधी समजलं नसेल तर तो शिकवूच नये, असं माझं ठाम मत. लसाविची रीत आली की तिरकस गुणाकार त्यात फुकट मिळतो.

आणखी एक चूक, जी चांगल्या मुलांमध्ये दिसते. समीकरणांचा सराव झाला की ‘क्ष/२ + क्ष/३ याला सरळरूप द्या’ या प्रश्नातही ती ६ ने गुणून ५क्ष लिहितात. उत्तर ५क्ष/६ आहे. समीकरणात दोन बाजू असतात, दोघींना सारखं गुणलं म्हणून बरोबरी टिकली. पदावलीला दुसरी बाजूच नाही. तिथे गुणलं म्हणजे किंमतच बदलली. बरोबरचं चिन्ह असेल तरच छेद घालवायचा परवाना, नसेल तर छेद शेवटपर्यंत सांभाळायचा.

पाउणकी

माझं नाव इथे कामी येणार असं दिसतंय. क्ष चा सहगुणक, म्हणजे क्ष ला गुणणारी संख्या, अपूर्णांक असेल तेव्हाची अडचण वेगळी असते. ३/४ क्ष = ९ यात मुलं उजवीकडे ३/४ नेच गुणून २७/४ लिहितात. गुणाकार व्यस्ताने गुणायचं: क्ष = ९ × ४/३ = १२.

जुन्या पाढ्यांत पाव ते साडेतीन पटींच्या पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असायच्या. पाउणकी पाठ असलेल्याला हे समीकरण सोडवावंच लागत नाही, पाउणकीत बारावर नऊ येतात हे जिभेवर असतं. आज सगळ्या पाठ करा असं मी म्हणणार नाही. पण निमकी आणि पाउणकी वीसपर्यंत आली तर छेद २ आणि ४ असलेली उदाहरणं अर्ध्या वेळात होतात आणि मुख्य म्हणजे उत्तराचा अंदाज येतो. पाऊण पट करून नऊ होतात, म्हणजे मूळ संख्या नवापेक्षा मोठी असणार. २७/४ म्हणजे पावणेसात, नवापेक्षा लहान. उत्तर चुकलंय हे ताळ्याशिवाय कळलं.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकही फसवतो. सहगुणक दोन पूर्णांक एक तृतीयांश असेल तर त्याला आधी ७/३ करा. ७/३ क्ष = १४, क्ष = ६. तसं न करता मुलं २ × १/३ समजून २/३ घेतात आणि क्ष = २१ आणतात, कारण अक्षर आणि अंक शेजारी आले की गुणाकार असतो हे त्यांनी नुकतंच शिकलेलं असतं.

त्रैराशिक

अवांतर होतंय, पण लसावि आधी घेण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे म्हणून सांगतो. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथातल्या ‘लीलावती’ या भागात इष्टकर्म नावाची रीत आहे. कमळांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: एका राशीतला तिसरा, पाचवा आणि सहावा भाग तीन देवांना वाहिला, चौथा भाग देवीला, उरलेली सहा कमळं गुरूंच्या पायी. एकूण किती?

आपल्या पद्धतीने क्ष/३ + क्ष/५ + क्ष/६ + क्ष/४ + ६ = क्ष. लसावि ६०. २०क्ष + १२क्ष + १०क्ष + १५क्ष + ३६० = ६०क्ष, ३क्ष = ३६०, क्ष = १२०.

इष्टकर्मात संख्या ६० आहे असं धरून चालायचं. वीस, बारा, दहा, पंधरा गेले, एकूण ५७. उरले ३. प्रत्यक्षात उरलीत ६, म्हणजे दुप्पट. म्हणून ६० ची दुप्पट १२०. धरायची संख्या मनाला येईल ती चालते, पण ६० धरली की वाटेत एकही अपूर्णांक येत नाही. म्हणजे लसाविच.

इजिप्तमधला ऱ्हिंड पपायरस (गणिताचं प्राचीन हस्तलिखित) ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातही हेच आहे: एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९. सात धरा, आठ येतात. १९/८ ला ७ ने गुणा, १३३/८ म्हणजे सोळा पूर्णांक पाच अष्टमांश.

मुळामुठा

@त्रैराशिक, माहिती मोलाची, पण शिकवताना एक धोक्याची पाटी लावा. ही रीत सगळं क्ष च्या प्रमाणात असेल तेव्हाच चालते. क्ष/२ + क्ष/३ + ४ = १९ मध्ये थेट ६ धरलं तर ३ + २ + ४ = ९ येतात, आणि ६ × १९/९ = ३८/३ हे साफ चूक. आधी ४ वजा करून क्ष/२ + क्ष/३ = १५ करा. मग ६ वर ५ येतात, हवेत १५, तिप्पट, क्ष = १८.

त्रैराशिक

अगदी बरोबर. कमळांच्या उदाहरणात सहा हे ‘शेष’ होतं, म्हणून ते प्रमाणात बसलं. पाटी लावली.

कर्वेरस्ता

मूळ प्रश्नातला ‘पक्षांतर’ हा शब्द मला टोचतोय. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे शिकवल्यामुळेच ३क्ष = १२ मध्ये ३ पलीकडे नेताना −३ होतो आणि क्ष = ९ येतं. क्ष/४ = ३ मध्ये ४ पलीकडे गेला की गुणतो का भागतो, यावर नाणेफेक होते. दोन्ही बाजूंना सारखी क्रिया एवढंच सांगावं. मंडईतला तराजू दाखवला की झालं: एका पारड्यातून अर्धा किलो काढला तर दुसऱ्यातूनही काढायचा, एक पारडं तिप्पट केलं तर दुसरंही.

ताळेबंद

तराजू उणे संख्यांशी येऊन अडतो. −२ किलो कांदे कुठल्या पारड्यात ठेवणार? शिवाय दहावीपर्यंत पक्षांतराशिवाय वेगाने लिहिता येत नाही. मी दोन्ही ठेवतो. पहिले दोन आठवडे समासात ‘दोन्ही बाजूंतून ५ वजा’ असं लिहून घ्यायचं, मग त्याचाच थोडक्यातला शब्द म्हणून पक्षांतर. मूल अडलं की विचारायचं, ‘दोन्ही बाजूंना काय केलंस?’ उत्तर देता आलं तर पक्षांतर समजलेलं आहे.

कर्वेरस्ता

उणे संख्यांचा मुद्दा मान्य. समासाची अट असेल तर माझी हरकत नाही.

हडपसरी

छेदात क्ष असेल तर? तिथेही लसाविच का?

शून्यप्रहर

हो, पण आधी एक ओळ जास्त: छेद शून्य होईल अशी किंमत वगळा.

क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) + ३

इथे क्ष ≠ २ हे पहिल्याच ओळीत लिहायचं. मग क्ष − २ ने गुणा: क्ष = २ + ३क्ष − ६, २क्ष = ४, क्ष = २. आणि तीच किंमत आपण वगळली होती. म्हणजे या समीकरणाला उकल नाही. वरची सगळी आकडेमोड निर्दोष असूनही उत्तर टाकून द्यावं लागतं, कारण क्ष = २ असताना आपण दोन्ही बाजूंना शून्याने गुणलं असतं. ३ ला गुणायचं विसरू नका, ती पंगत इथेही लागू.

साध्या छेदांतही क्ष नाहीसा होऊ शकतो. क्ष/२ + क्ष/३ = ५क्ष/६ + १ ला ६ ने गुणलं की ५क्ष = ५क्ष + ६, म्हणजे ० = ६, उकल नाही. शेवटचा १ नसता तर ० = ०, म्हणजे कुठलीही संख्या चालली असती. मुलं दोन्ही वेळा ‘क्ष = ०’ लिहून मोकळी होतात.

चौकटीची_वही

दशांशांचंही थोडक्यात: ०.२५क्ष + ०.५ = ०.४क्ष − १. सगळ्यात लांब दशांश दोन घरांचा, म्हणून १०० ने गुणा. २५क्ष + ५० = ४०क्ष − १००, क्ष = १०. ०.५ चे ५ होतात आणि ०.४ चे ४, ही नेहमीची चूक. प्रत्येकाला दोन घरं द्या.

पाउणकी

शाब्दिक उदाहरणांबद्दल कोणीतरी लिहा. समीकरण सोडवता येतं, मांडता येत नाही, अशी मुलं खूप आहेत.

मुळामुठा

दोन नमुने देतो.

इमारतीची टाकी मनपाच्या नळाने ६ तासांत भरते, टँकरने ३ तासांत. नळ सुरू झाल्यावर दीड तासाने टँकर आला. टाकी भरायला नळ सुरू झाल्यापासून किती वेळ लागेल? नळ क्ष तास चालला, टँकर क्ष − ३/२ तास. नळाने क्ष/६ भाग भरला, टँकरने (क्ष − ३/२)/३. दोन्ही मिळून एक पूर्ण टाकी:

क्ष/६ + (क्ष − ३/२)/३ = १

६ ने गुणा: क्ष + २(क्ष − ३/२) = ६, क्ष + २क्ष − ३ = ६, क्ष = ३. ताळा: नळाने अर्धी, टँकरने दीड तासात अर्धी. उजवीकडचा १ कुठून आला हे मुलाला सांगता आलं पाहिजे. ती ‘एक टाकी’ आहे, ‘एक तास’ नाही.

दुसरं: पगाराचा तिसरा भाग घरभाड्याला गेला, उरलेल्याचा चौथा भाग फीला, शिल्लक २१,००० रुपये. ‘उरलेल्याचा’ या एका शब्दावर सगळं आहे. उरले २क्ष/३, त्याचा चौथा भाग क्ष/६. क्ष − क्ष/३ − क्ष/६ = २१,०००, क्ष/२ = २१,०००, पगार ४२,०००. ‘उरलेल्याचा’ नजरेतून सुटला तर क्ष/४ वजा होतो आणि पगार ५०,४०० येतो. हीसुद्धा सरळ पूर्ण संख्या, म्हणून संशय येत नाही. ताळा समीकरणात करून इथे उपयोग नाही, कारण समीकरणच चुकलंय. ताळा गोष्टीत करायचा: ५०,४०० तले १६,८०० भाडं, उरले ३३,६००, त्याचा चौथा भाग ८,४००, शिल्लक २५,२००. गोष्टीतले २१,००० आले नाहीत.

अंशछेद

सगळ्यांचे आभार. धाग्यातून माझ्या ‘कायम’ या शब्दात दुरुस्ती झाली. आता असा क्रम लावणार आहे. आधी क्ष/५ = ३ आणि ३/४ क्ष = ९ एवढीच. मग पूर्णांक पद असलेली, ५/१ लिहायला लावून. मग दोन पदी अंश, पण मध्ये अधिक चिन्ह. ते पक्कं झाल्यावरच उणे चिन्ह, कंसाच्या सक्तीच्या ओळीसकट, आणि इथे सगळ्यात जास्त दिवस द्यायचे. तिरकस गुणाकार त्यानंतर. ‘आधी छेद वाचा’ ही त्रैराशिक यांची पायरी शेवटच्या आठवड्यात, मिश्र सरावात.

एक शंका उरली: लसावि नीट काढता न येणाऱ्या मुलाचं काय? त्याला थांबवून ठेवायचं का?

कर्वेरस्ता

अजिबात नाही. कुठलाही साधारण विभाज्य चालतो. क्ष/६ + क्ष/८ = क्ष/१२ + ५ मध्ये तिन्ही छेदांचा गुणाकार ५७६ घेतला तरी उत्तर २४ च येईल, फक्त आकडे मोठे होतात. मधला मार्ग: सगळ्यात मोठा छेद घ्या, त्याचा पाढा म्हणा. १२ ला ८ ने भाग जात नाही, २४ ला सगळ्यांनी जातो. थांबा. ४क्ष + ३क्ष = २क्ष + १२०, क्ष = २४.

त्रैराशिक

शिष्यवृत्तीसारख्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे पर्याय दिलेले असतात, तेव्हा अवघड दिसणाऱ्या समीकरणात पर्याय घालून पाहणं जास्त जलद. आधी असा पर्याय घ्या, ज्याने अंशांना छेदांनी पूर्ण भाग जातो.

सरावाला एक देतो, यात आतापर्यंतचे सगळे खड्डे आहेत:

क्ष − (क्ष − ३)/४ = ७ − (क्ष − १)/६

हडपसरी

१२ ने गुणलं. १२क्ष − ३क्ष + ९ = ८४ − २क्ष − २. म्हणून ११क्ष = ७३, क्ष = ७३/११. बरोबर का?

शून्यप्रहर

डावी बाजू उत्तम. क्ष ला आणि ७ ला दोघांनाही १२ ने गुणलंत, पंगत पूर्ण झाली. उजवीकडे सक्तीची ओळ गाळलीत. ८४ − २(क्ष − १) असं लिहून परत बघा.

हडपसरी

८४ − २क्ष + २. म्हणजे ९क्ष + ९ = ८६ − २क्ष, ११क्ष = ७७, क्ष = ७. मूळ समीकरणात ताळा: डावीकडे ७ − ४/४ = ६, उजवीकडे ७ − ६/६ = ६.